एक धुकं पितो, दुसरा गोठून जगतो

आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या नामिब वाळवंटात राहणारा ओनिमॅक्रिस उंग्विक्युलारिस आणि अलास्कातल्या जंगलात राहणारा युपिस सेरँबॉइडीस. दोघे भुंगेरे काळे, दोघे टेनेब्रिओनिडी या एकाच कुळातले. पिठात होणारे तांबडे किडेही त्यांचेच भाऊबंद. दोघांपुढचा पेच पाण्याचाच आहे, फक्त उलटसुलट.

नामिबमध्ये पावसाचा भरवसा नाही. पण किनाऱ्यालगतच्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे अटलांटिकवर धुकं धरतं आणि वाऱ्याबरोबर आत शिरतं. एरवी दिवसा हिंडणारा हा भुंगेरा धुक्याच्या वेळी गारठ्यात वाळूच्या टेकडीचा माथा गाठतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली, पाठ वर अशा पवित्र्यात उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळून थेट तोंडात येतात. हॅमिल्टन आणि सीली या संशोधकांनी 1976 मध्ये हे नोंदवलं. धुकं पिऊन भुंगेऱ्यांचं वजन सरासरी 12 टक्क्यांनी वाढलं होतं, एखाद्याचं तर 34 टक्क्यांनी!

पाठीवरच्या खडबडीत उंचवट्यांवर पाणी जमतं, ही गोष्ट मात्र स्टेनोकारा या दुसऱ्याच भुंगेऱ्याच्या अभ्यासातून 2001 मध्ये पुढे आली आणि फार गाजली. ओनिमॅक्रिसची पाठ त्या मानाने गुळगुळीत असते. पुढच्या प्रयोगांत दोन्ही प्रकारच्या पाठींवर पाणी जमलं. माझ्या मते खरी करामत त्या उभं राहण्यात आहे, आणि तिचं श्रेय पाठीला देणं अन्यायाचं आहे.

युपिस हिवाळा मेलेल्या बर्चच्या सालीखाली काढतो. उणे 7-8 अंशांच्या आसपास त्याच्या अंगात खरंच बर्फ होतो, तरी तो उणे 60 अंशांपर्यंत तगतो. बर्फ पेशींच्या बाहेर होतो. पेशींतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं आणि आत साखरेच्या जातीची सॉर्बिटॉल, थ्रिटॉल ही संयुगं दाट होत जातात. 2009 मध्ये त्याच्या अंगात झायलोमॅनन हा बर्फाला आवर घालणारा पदार्थ सापडला. बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारे असे पदार्थ तोवर प्रथिनंच असल्याचं माहीत होतं. हा शर्करांपासून बनलेला निघाला.

अट एकच, थंडी सावकाश वाढायला हवी. झपाट्याने गारठवलं, तर पेशींतलं पाणी बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि हिवाळ्यासाठी तयार झालेला युपिसही मरतो.