मान्यता वेगळी, पैसा वेगळा: अमेरिकी काँग्रेसचे दोन प्रकारचे कायदे

‘अमेरिकी काँग्रेसने अमुक कामासाठी इतके अब्ज डॉलर मंजूर केले’ अशी बातमी आपण नेहमी वाचतो, पण त्यातील ‘मंजूर’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. मान्यतेच्या कायद्याने एखादी योजना, खाते किंवा निधी अस्तित्वात येतो, त्याचे नियम ठरतात आणि बहुधा खर्चाची कमाल मर्यादाही ठरते. त्या वर्षी तिजोरीतून प्रत्यक्ष किती रक्कम काढता येईल, हे मात्र विनियोजनाचा कायदा ठरवतो. असे विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहिले आहे. प्रशासकीय मान्यता मिळूनही निधीअभावी अडलेला रस्ता ज्यांच्या गावात आहे, त्यांना हा फरक लगेच उमगेल.

आयडाहोचे सेनेटर फ्रँक चर्च १९५७ ते १९८१ अशी २४ वर्षे सेनेटमध्ये होते. सार्वजनिक जमिनी आणि परराष्ट्र धोरण या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी मोलाचे काम केले, म्हणून हा फरक पाहण्यासाठी त्यांच्या कारकिर्दीतील १९६४ हे वर्ष सोयीचे आहे. त्या वर्षी ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एकाच दिवशी दोन कायद्यांवर सही केली. एक होता अस्पर्श अरण्ये राखून ठेवणारा वाइल्डरनेस ॲक्ट, ज्याच्यासाठी चर्च सेनेटमध्ये हिरिरीने लढले होते, आणि दुसरा जमीन व जल संवर्धन निधीचा. पहिल्या कायद्याने जमिनीला संरक्षण मिळाले आणि ते टिकले, कारण अमुक जमिनीवर रस्ता किंवा इमारत बांधू नये असे सांगायला दरवर्षी पैसा लागत नाही. दुसऱ्या कायद्याचे तसे नव्हते. पुढे समुद्रातील तेल व वायूच्या उत्पन्नातून त्याच्या खात्यावर वर्षाला ९० कोटी डॉलर जमा दाखवण्याची तरतूद झाली, पण ही जमा कागदावरची होती आणि खर्चासाठी दरवर्षी वेगळे विनियोजन लागे. पूर्ण रक्कम मिळाली अशी वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. अर्धशतकात सुमारे ४० अब्ज डॉलर जमा दाखवले गेले आणि त्यांतील निम्म्याहून कमी प्रत्यक्ष जमिनीपर्यंत पोहोचले. २०१९ च्या कायद्याने हा निधी कायमस्वरूपी झाला, तेव्हा काम फत्ते झाले असे अनेकांना वाटले, पण ती केवळ मान्यता होती. दरवर्षीच्या विनियोजनाची वाट न पाहता ९० कोटी डॉलर मिळण्याची सोय झाली ती ऑगस्ट २०२० मध्ये, दुसऱ्या एका कायद्याने.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा फरक थेट घरच्या चुलीपर्यंत जातो. पद कायद्याने निर्माण झालेले असते आणि पगाराची श्रेणीही कायद्याने ठरलेली असते, तरीही विनियोजन संपले की पगार थांबतो. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस सरकारचा काही भाग बंद राहिला आणि सुमारे ८ लाख कर्मचारी बिनपगारी झाले. त्यांतील काहींना घरी बसवले गेले आणि उरलेले बिनपगारी कामावर जात राहिले. संरक्षण खात्याचे विनियोजन आधीच झाले असल्याने सैनिकांना पगार मिळाला. तटरक्षक दल मात्र अंतर्गत सुरक्षा खात्याखाली येते, म्हणून गणवेशात असूनही त्या जवानांचा जानेवारीच्या मध्याचा पगार चुकला. कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचे दरवाजे उघडे होते, पण कचरा उचलायला आणि स्वच्छतागृहे साफ करायला पुरेशी माणसे नव्हती. जमिनीचे संरक्षण कायद्यात अबाधित होते, तिची राखण करणारा माणूस तेवढा जागेवर नव्हता.

त्याच बंदच्या काळात, जानेवारी २०१९ मध्ये, अशा कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळालाच पाहिजे असा कायदा झाला. माझ्या मते तो न्याय्य होता आणि फार उशिरा आला. पण त्यात पुढे एक उपवाक्य जोडले गेले: थकबाकी देणे हे बंद संपवणारे विनियोजन होण्यावर अवलंबून राहील. २०२५ च्या ४३ दिवसांच्या बंदमध्ये याच शब्दांवर बोट ठेवून, थकबाकी आपोआप मिळत नाही, असा युक्तिवाद सरकारी गोटातून पुढे आला. अखेर १२ नोव्हेंबरला बंद संपवणाऱ्या कायद्यातच थकबाकीची तरतूद स्पष्टपणे लिहावी लागली.

परराष्ट्र धोरणात हा फरक सर्वांत जड ठरतो, कारण तिथे माणसांचे प्राण पणाला लागलेले असतात. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताच्या ठरावाने काँग्रेसने व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरण्याची मान्यता दिली. सेनेटमध्ये विरोधात फक्त २ मते पडली, आणि चर्च यांचे मत त्यांत नव्हते. जानेवारी १९७१ मध्ये ती मान्यता रद्द झाली, तरी युद्ध चालूच राहिले, कारण सरसेनापती म्हणून आपल्याला अधिकार आहे असे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे म्हणणे होते आणि काँग्रेस पैसा पुरवतच होती. म्हणून चर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोर्चा पैशाकडे वळवला. केंटकीचे सेनेटर जॉन शर्मन कूपर यांच्यासह त्यांनी आणलेल्या दुरुस्तीने कंबोडियात अमेरिकी भूदल पाठवण्यासाठी पैसा वापरायला बंदी घातली, पण तिच्या शब्दांत विमाने नव्हती, त्यामुळे बॉम्बहल्ले चालू राहिले. त्या वेळी आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असे. जून १९७३ च्या अखेरीस बॉम्बहल्ल्यांचा पैसा तोडणारे विधेयक निक्सन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले, परंतु सरकार चालवण्याचा पैसाही अशाच विधेयकांतून यायचा होता, म्हणून दोन्ही बाजूंना एका तारखेवर यावे लागले. त्या तारखेला, १५ ऑगस्ट १९७३ रोजी, कंबोडियावरचे बॉम्बहल्ले थांबले.