मॅजिक माइक (चित्रपट)

मॅजिक माइक हा २०१२ सालचा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग, लेखक रीड कॅरोलिन आणि मुख्य भूमिकेत चॅनिंग टेटम. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरातल्या एका क्लबात बायकांसमोर कपडे उतरवत नाचणाऱ्या पुरुषांची, म्हणजे मेल स्ट्रिपर्सची ही गोष्ट आहे. ट्रेलर बघून बऱ्याच जणांना वाटलं की मैत्रिणींनी मिळून जायचं, आरडाओरडा करायचा आणि घरी यायचं असा हा पिक्चर असणार, आणि तशी धमाल त्यात आहेच, पण बारकाईने बघितलं तर यात सतत बोलणं चालू असतं ते पैशाचं, उधारीचं, भागीदारीचं आणि हातातलं काम सोडून दुसरं काही करता येईल का याचं.

माइक लेन तिशीचा आहे. दिवसा छपरांवर कौलं बसवायचं काम, रात्री ‘एक्सक्विझिट’ क्लबमध्ये नाच, आणि मनात मात्र स्वतःचा फर्निचरचा धंदा, टाकाऊ सापडलेल्या वस्तूंपासून एकेक पीस हाताने बनवायचा. साइटवर त्याला ॲडम (ॲलेक्स पेटीफर) हा १९ वर्षांचा पोरगा भेटतो, खिसा रिकामा, बहिणीकडे सोफ्यावर झोपणारा. माइक त्याला क्लबात घेऊन येतो, एका रात्री टारझन नावाचा डान्सर शुद्धीत नसतो म्हणून त्याच्या जागी ॲडमला स्टेजवर ढकलतात आणि तिथून त्याची गाडी सुसाट सुटते. क्लबचा मालक डॅलस (मॅथ्यू मॅकोनाही) सगळ्यांना मायामीच्या मोठ्या क्लबची स्वप्नं दाखवतो, माइकला त्यात हिस्सा देईन म्हणतो. ॲडमची बहीण ब्रुक (कोडी हॉर्न) हे सगळं काळजीने बघत असते, तिला यातलं काहीच पटत नाही पण ती लेक्चर देत बसत नाही.

सगळ्यात जबरदस्त सीन माझ्या मते बँकेतला. माइक सूट घालून, चष्मा लावून, डाउन पेमेंटची रोकड घेऊन लोन मागायला जातो, समोरच्या ऑफिसर बाईंना तो आवडतोही, पण क्रेडिट स्कोअर खराब म्हणून लोन मिळत नाही. वर्षानुवर्षं रोख कमावलेला पैसा समोर टेबलावर आहे आणि बँकेच्या कागदावर त्या माणसाची किंमत शून्य! २००८ च्या मंदीच्या सुमारास फ्लोरिडात घरांचा बाजार कोसळला होता, ते लक्षात ठेवून हा सीन बघितला तर जास्त भिडतो. पुढे ॲडम ड्रग्जच्या भानगडीत पडतो, ज्यांचा माल होता ते लोक वसुलीला येतात, आणि माइक त्याला वाचवायला १० हजार डॉलर भरतो म्हणजे धंद्यासाठी साठवलेली बरीचशी पुंजी एका झटक्यात जाते. ॲडमला त्याचं फार काही वाटत नाही, हे जास्त लागतं. शेवटी मायामीला जायच्या आधीच माइक तिथून बाहेर पडतो.

ही कथा टेटमच्या स्वतःच्या आयुष्यावरून सुचलेली, तो साधारण १८-१९ वर्षांचा असताना टॅम्पात खरोखर स्ट्रिपर होता, पात्रं आणि घटना मात्र काल्पनिक आहेत. खर्च जेमतेम ७० लाख डॉलर, तोही टेटम आणि सोडरबर्गनेच उभा केला, आणि जगभरात कमाई झाली सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलर. कॅमेरा पीटर अँड्र्यूज आणि संकलन मेरी ॲन बर्नार्ड अशी नावं श्रेयनामावलीत दिसतात, ती दोन्ही सोडरबर्गचीच टोपणनावं. दिवसाची दृश्यं त्याने पिवळट, उन्हाने करपल्यासारखी ठेवलीत आणि क्लबात मात्र झगमगाट, त्यामुळे या लोकांना रात्रीची ओढ का वाटते ते न सांगता कळतं. नाचांची कोरिओग्राफी ॲलिसन फॉल्कची, आणि माइकचा एकट्याचा नाच तर नुसता डान्स म्हणूनही परत परत बघावा असा आहे, टेटमचं शरीर किती हलकं होतं ते तिथे दिसतं. मॅकोनाहीला या कामासाठी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला, सहाय्यक अभिनेत्याचा. गोडबोल्या मालक त्याने असा उभा केलाय की राग येतो आणि नजरही हटत नाही.

२०१५ मध्ये ‘मॅजिक माइक एक्सएक्सएल’ आला, दिग्दर्शक ग्रेगरी जेकब्स. त्यात माइकचा फर्निचरचा धंदा सुरू झालेला आहे आणि तो जुन्या मित्रांबरोबर मर्टल बीचच्या स्ट्रिपर संमेलनाला निघतो, पैशाची चिंता कमी आणि दोस्ती जास्त. २०२३ च्या ‘मॅजिक माइक्स लास्ट डान्स’मध्ये सोडरबर्ग दिग्दर्शनाला परत आला, सोबत सलमा हायेक, गोष्ट लंडनला गेली, पण पहिल्यातला पोटापाण्याचा पीळ तिथे उरला नाही असं वाटतं. मधल्या काळात ‘मॅजिक माइक लाइव्ह’ हा स्टेज शो २०१७ मध्ये लास व्हेगासला आणि २०१८ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये सुरू झाला.