प्रकटीकरण आणि युद्धकालीन आधुनिकतावादी काव्य

प्रकटीकरण : बायबलच्या नव्या करारातील सत्ताविसावे व अखेरचे पुस्तक. मूळ ग्रीक संज्ञेचा अर्थ ‘पडदा दूर सारणे’. जगाचा संहार हा अर्थ तिला मागाहून चिकटला.

लेखनकाळाबद्दल एकमत नाही. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मगुरू आयरेनीअस हे पुस्तक रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या (इ. स. ८१–९६) अखेरीचे मानतो व बहुतेक अभ्यासक त्याच्याच बाजूचे आहेत. त्याआधीचा रोमन सम्राट नीरो याच्या मृत्यूनंतरचा (६८) लगतचा काळ धरणाऱ्यांची भिस्त तेराव्या अध्यायातील श्वापदाच्या (दुष्ट सत्तेचे प्रतीक) ६६६ या अंकावर असते. ‘नेरोन केसर’ (सम्राट नीरो) हिब्रू अक्षरांत लिहून प्रत्येक अक्षराच्या ठरलेल्या अंकमूल्याची बेरीज केल्यास ५० + २०० + ६ + ५० + १०० + ६० + २०० = ६६६ येते. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहिल्यास शेवटचे ‘नून’ हे अक्षर (५०) गळून ६१६ उरतात, आणि काही जुन्या हस्तलिखितांत नेमका हाच पाठ आहे. श्वापद म्हणजे नीरो, हे त्यामुळे बरेच संभाव्य ठरते. मात्र नीरो परत येणार ही वदंता पुढेही टिकून असल्याने केवळ या अंकावरून काळ ठरवता येत नाही.

महायुद्धांच्या काळातील आधुनिकतावादी कवींनी या पुस्तकाशी वेगवेगळे नाते जोडले. आयरिश कवी यीट्सच्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेत (लेखन १९१९) ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या जागी बेथलेहेमकडे निघालेले श्वापद दिसते. प्रतिमा प्रकटीकरणाच्या वळणाची असली, तरी तिच्यामागील कालकल्पना सुमारे २,००० वर्षांच्या आवर्तनांची आहे. प्रकटीकरणातला अंत एकदाच होतो. कवी टी. एस. एलियटच्या ‘लिटल गिडिंग’ (१९४२) या कवितेतील अग्नी घेऊन उतरणारे कबूतर एकाच वेळी बॉम्बफेकी विमान व पवित्र आत्मा आहे. ही ज्वाला नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातून येते, जिथे पवित्र आत्मा अग्नीच्या जिभांसह उतरतो. तिला सरसकट युगान्ताची म्हणणे सैलपणाचे होईल.

प्रकटीकरणाशी सर्वांत थेट झुंज अमेरिकन कवयित्री एच. डी. (हिल्डा डूलिटल, १८८६–१९६१) हिची. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनमध्ये राहून तिने रचलेल्या काव्यत्रयीच्या (प्रकाशन १९४४–४६) प्रत्येक भागात ४३ खंड आहेत. मधल्या भागात ती, पुस्तकात भर घालणाऱ्यास पीडा होतील, ही बाविसाव्या अध्यायातील ताकीद उद्धृत करते आणि तिच्यासमोर एकविसाव्या अध्यायातील सर्व काही नवे करण्याचे वचन ठेवते. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायातील ग्रंथ सात मोहरांनी (शिक्क्यांनी) बंद आहे, तर एच. डी.च्या काव्यात प्रकटणाऱ्या स्त्रीच्या हातातील ग्रंथाची पाने कोरी आहेत.

१९३९ च्या संकलनाने नावारूपाला आलेला ‘न्यू अपोकॅलिप्स’ हा ब्रिटिश कविगट बायबलपेक्षा इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्सच्या प्रकटीकरणावरील ‘अपोकॅलिप्स’ या पुस्तकाला (१९३१) अधिक जवळचा.