जिग शंभर ग्रॅमचा, मग लाइन किती जाडीची?

जिगिंगसाठी (जिग हे धातूचं जड आमिष तळाशी सोडून रॉडने उचलत-सोडत मासे धरण्यासाठी) गळाची लाइन घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती किलो ओढेल?’ मोठा गोब्रा मासा लागला आणि लाइन तुटली तर काय, ही धास्ती त्यामागे असते. म्हणून तो जाड लाइन घेतो आणि मग जिग तळाला टेकलेला कळत नाही म्हणून दिवसभर वैतागतो. माझं मत ठाम आहे. जिगिंगची लाइन आधी जाडीवरून निवडावी, ताकद नंतर बघावी.

थोडा हिशेब करू. रत्नागिरीसमोर ५० मीटर पाण्यात बोट आहे असं धरा. पीई (पॉलिएथिलीनच्या तंतूंची विणलेली) २ नंबरची लाइन साधारण ०.२३५ मिलिमीटर जाडीची असते. दिसायला अगदी बारीक, पण ५० मीटर लांबीला या जाडीने गुणलं की प्रवाहासमोर उभं राहणारं क्षेत्रफळ निघतं सुमारे ११७ चौरस सेंटिमीटर. शंभर ग्रॅमचा जिग १२ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याचं क्षेत्रफळ जेमतेम ३० भरतं. म्हणजे पाण्याला ढकलायला जिगपेक्षा लाइनच चौपट सापडते! सेकंदाला अर्धा मीटर वेगाचा प्रवाह लाइनला आडवा लागला, तर तिच्यावरची ओढ दीड-दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. उलट शंभर ग्रॅमच्या शिशाच्या जिगचं पाण्यातलं वजन ९१ ग्रॅमच उरतं. अशा वेळी जिग सरळ खाली जाणार कसा? लाइनला मोठा बाक येतो आणि आपण रॉड उचलतो तेव्हा आधी तो बाकच सरळ होतो. जिग जागचा हलतही नाही.

बोट प्रवाहाबरोबर वाहत असेल तर पाणी आणि लाइन यांच्या वेगातला फरक कमी होतो आणि ओढही बरीच उतरते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की ओढ पाव होते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ६० ग्रॅमचा जिग जिथे सुखाने तळ गाठतो, तिथेच अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला दीडशे ग्रॅमचाही वाहून जातो, त्याचं कारण हेच. वारा आणि प्रवाह उलटसुलट असले तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण वारा बोटीला एकीकडे नेतो आणि पाणी लाइनला दुसरीकडे.

हे डोळ्यांनी बघता येतं. जिगिंगच्या बऱ्याच पीई लाइनी दर दहा मीटरला रंग बदलतात. फिश फाइंडर ४० मीटर खोली दाखवतोय आणि जिग टेकेपर्यंत पाचवा रंग संपलाय, तर लाइन अगदी सरळ धरली तरी ती सुमारे ३७ अंश कललेली आहे. अशा वेळी बहुतेक जण लगेच जड जिग लावतात. खाली वाळू किंवा चिखल असेल, तर मी आधी लाइन बारीक करायला सांगेन. जड जिगने हात भरून येतात आणि त्याची पाण्यातली चालही बदलते.

पीईचा नंबर मात्र फसवा आहे. तो जाडीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. १ नंबरची लाइन ०.१६५ मिलिमीटर, तर ४ नंबरची ०.३३. नंबर चौपट, जाडी दुप्पट. जेटीवरून किंवा खाडीच्या तोंडाशी २०-३० ग्रॅमचे जिग टाकायला ०.८ ते १ नंबर पुरतो. ६० ते १०० ग्रॅमला १ ते १.५, दोनशेपर्यंत २, आणि त्यापुढे ३. अंदमानात किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ खोल उतरतो आणि मासेही दांडगे असतात, तिथे ४ नंबरही लागतो.

मग आपला जुना तंगूस का नको? नऊ-दहा किलो ओढणारा नायलॉनचा तंगूस साधारण ०.४० मिलिमीटरचा असतो. तेवढीच ताकद १ नंबरच्या चांगल्या पीईत मिळते. शिवाय नायलॉन ताणतं. तुटायच्या आधी ते लांबीच्या पाव हिश्शाच्या आसपास ताणलं जाऊ शकतं, पीई फक्त तीन-चार टक्के. नुसता दोन टक्के ताण आला तरी ५० मीटरमागे एक मीटर गेला, म्हणजे रॉडची जवळजवळ सगळी उचल लाइननेच गिळली. उथळ पाण्यात हाच ताण उपयोगी पडतो: मासा अचानक उसळला तर गरी तोंडातून फाटून निघत नाही.

पीईचं दुखणं वेगळं. खडपावर (खडकाळ तळावर) घासली की ती लगेच कापली जाते, म्हणून पुढे फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे जिगच्या बाजूला जोडलेला तुकडा, हवाच. त्याचा अपवर्तनांक (तो पाण्याच्या जितका जवळ, तितकी लाइन पाण्यात कमी दिसते) १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास आणि पाण्याचा १.३३. निवळ पाण्यात तो कमी दिसतो हे खरं, पण पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात या गुणासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. तिथे त्याची घासणीतली चिवटता कामाची. गोब्रा लागताच खडकाच्या कपारीत शिरतो, म्हणून खडपावर मी वरचा बारीक लाइनचा सल्ला मागे घेतो आणि एक नंबर वाढवतो. सुरमईचे दात फ्लुओरोकार्बनही कापतात. तिच्यासाठी गरीजवळ तारेचा तुकडा लागतो.

गाठीकडेही लक्ष द्या. पीई सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळते. कोरडी गाठ झटक्याने आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंतू दुबळे होतात आणि ते बाहेरून दिसत नाही. आधी गाठ ओली करा, मग सावकाश आवळा. हंगाम संपला की लाइन गोड्या पाण्याने धुऊन रीळवर उलटी भरा. झिजलेले पहिले शंभर मीटर तळाशी जातात आणि आतली कोरी लाइन वर येते.