वनमहोत्सव : मुहूर्त पावसाचा, तयारी आदल्या वर्षाची

जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाडे लावण्याची प्रथा देशभर रुजली ती १९५० साली. तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. मुहूर्त पावसावर बेतलेला होता, पण तो सगळीकडे सारखा लागू पडत नाही. कोकणात तोवर जमीन भिजून गच्च असते, मराठवाड्यात मात्र कधीकधी पेरण्याही व्हायच्या असतात. म्हणून तारखेपेक्षा ओल बघावी. माती वीतभर खोल भिजली नसेल तर आठवडाभर थांबलेले बरे.

कोणती झाडे लावायची हे मात्र रोपवाटिकेने ठरवले. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने जळण आणि चाऱ्यासाठी सामाजिक वनीकरणाची शिफारस केली, १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि झटपट वाढणाऱ्या परदेशी जातींची चलती झाली. सुबाभळीचे बी ढिगाने मिळते. गिरिपुष्पाची नुसती फांदी खोवली तरी फुटते, शिवाय आपली गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ज्याला रोपांची संख्या दाखवायची आहे त्याला आणखी काय हवे? पुढे २०१६ मध्ये १ जुलैच्या एका दिवसासाठी राज्याने दोन कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले, आणि नंतरच्या तीन वर्षांसाठी पन्नास कोटींचे.

देशी झाडांची अडचण बियांपाशी सुरू होते, कारण प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे. बेहडा हिवाळ्यात गोळा करायचा. काटेसावरीची बोंडे उन्हाळ्यात, कापूस उडण्याआधी उतरवायची. जांभळाची बी वाळली की गेली, ती पंधरवड्याच्या आत पेरावी लागते. बहाव्याचे उलट. त्याचे कवच इतके टणक की बी कानशीवर एका कडेला घासून चोवीस तास पाण्यात ठेवल्याशिवाय उगवण धड होत नाही. त्यामुळे ‘यंदा देशी झाडेच लावू’ असे जूनमध्ये ठरवणाऱ्या मंडळाच्या हाती शेवटी गुलमोहरच पडतो, आणि तो मूळचा मादागास्करचा.

रोप दीड-दोन वर्षांचे, तीन-चार फुटी असावे. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी वेटोळे घालते. असे झाड दोन-तीन वर्षे बरे दिसते आणि मग वाऱ्यात कलते. पिशवी पूर्ण काढावी, वेटोळे कापून टाकावे. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये खणून तापू दिलेला. खोडाचा बुंधा जमिनीच्या पातळीतच ठेवावा, मातीत पुरला की कुजतो.

जागेचीही एक चूक वारंवार होते. कासच्या पठारासारखे सडे आणि गवताळ माळ ‘ओसाड’ समजून तिथे खड्डे घेतले जातात. त्या वीतभर मातीत कंद आणि कीटकभक्षी वनस्पती असतात. तिथे देशी झाडसुद्धा उपराच.

रोपे मरतात ती बहुधा जुलैत नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हात मरतात, किंवा फेब्रुवारीनंतरच्या वणव्यात. पाऊस सरताच बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, खोडापासून चार बोटे सोडून. डोंगरउतारावर मात्र गवत वाळू लागले की ते आच्छादन हलवून रोपाभोवती तीन फूट जागा साफ करावी, नाहीतर तोच पाचोळा आग रोपापर्यंत आणतो.