निकुमारोरो : प्रवाळ उतारावरील विमानशोध

निकुमारोरो. मध्य प्रशांत महासागरातील किरिबाती या देशाच्या फिनिक्स द्वीपसमूहातले निर्जन कंकणद्वीप, म्हणजे मध्ये खाऱ्या पाण्याचे तळे असलेले बांगडीसारखे प्रवाळबेट. जुने नाव गार्डनर. जगप्रदक्षिणेवर असताना बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिक अमेलिया एअरहार्ट यांच्या ‘लॉकहीड इलेक्ट्रा १०-ई’ विमानाचे अवशेष याच्या भोवतालच्या खोल पाण्यात असावेत, या तर्कामुळे ते प्रसिद्धीस आले.

एअरहार्ट व विमानाचे दिशादर्शक (नॅव्हिगेटर) फ्रेड नूनन २ जुलै १९३७ रोजी न्यू गिनीतील लाए येथून हाउलंड बेटाकडे निघाले. त्याआधी जूनमध्ये हेच विमान कराची व कोलकाता येथे उतरले होते. हाउलंडला ते पोहोचलेच नाही. शेवटच्या संदेशात एअरहार्ट यांनी आपण १५७–३३७ अंश या दिशारेषेवर असल्याचे सांगितले. ती आग्नेयेकडे वाढवली, तर सुमारे ६५० किमीवर निकुमारोरोच्या आसपास जाते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या प्रवाळाच्या सपाट कडेवर विमान उतरले आणि पुढे भरतीच्या लाटांनी ते ओढून नेले, असे ‘टायगार’ ही अमेरिकी संस्था मानते. ब्रिटिश अधिकारी एरिक बेव्हिंग्टन यांनी ऑक्टोबर १९३७ मध्ये काढलेल्या या बेटाच्या छायाचित्रात पाण्याबाहेर डोकावणारा एक ठिपका आहे. काहींना त्यात विमानाचे चाक व त्याचा दांडा दिसतो. एवढ्याशा ठिपक्यावर केवढा डोलारा!

शोधातली खरी अडचण बेटाच्या घडणीत आहे. कंकणद्वीप म्हणजे बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर वाढलेले प्रवाळाचे कंकण. सपाट कड संपली की तळ कड्यासारखा खाली जातो. मध्ये कपारी, घळी आणि वरून ढासळलेल्या प्रवाळाचे ढिगारे. सोनार हे यंत्र पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपते. सपाट गाळावर पडलेली वस्तू त्यात उठून दिसते, पण उतारावर प्रत्येक खडक तितकाच ठळक उमटतो आणि कपारीतले काही तर सावलीतच राहते. म्हणून शेवटी कॅमेरा लावलेले दूरनियंत्रित यान खाली सोडून डोळ्यांनीच पाहावे लागते. उथळ पट्ट्यात लाटा फुटत असल्याने मोठे जहाज जवळ नेता येत नाही, ते वेगळेच.

अवशेष कसे घरंगळतात याचा उत्तम नमुना मात्र तिथेच आहे. ‘नॉर्विच सिटी’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज १९२९ मध्ये याच कडेवर आदळले. त्याचे तुकडे उतारावर खोलवर विखुरले आहेत. पोलादी जहाजाची ही गत, तर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे, जेमतेम १२ मीटर लांबीचे विमान अखंड सापडण्याची आशा धरणे कठीण. इंजिने तेवढी टिकण्याजोगी.

टायगारच्या २०१२ च्या मोहिमेला यंत्रांतील बिघाड आणि उभे कडे नडले. ‘टायटॅनिक’चे अवशेष शोधणारे रॉबर्ट बॅलार्ड ऑगस्ट २०१९ मध्ये ‘नॉटिलस’ जहाज घेऊन आले. उथळ भागासाठी चालकविरहित होडी व ड्रोन, खोल भागासाठी दूरनियंत्रित याने, अशी जय्यत तयारी होती. विमानाचा एकही तुकडा मिळाला नाही. उलट छायाचित्रातल्या ठिपक्याएवढे दगडच पुष्कळ दिसले.

सपाट तळही फसवतोच. हाउलंडपासून काही अंतरावर, सुमारे ५ किमी खोलीवर टिपलेली विमानासारखी सोनार-आकृती जानेवारी २०२४ मध्ये गाजली. त्याच वर्षी जवळून पाहिल्यावर तो खडक निघाला. निकुमारोरोवर आता लक्ष उतारावरून आतल्या खारकच्छाकडे, म्हणजे मधल्या तळ्याकडे वळले आहे.