व्हिडिओ बघून 'कळलं' म्हणजे 'येतं' नव्हे

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत ते बरंय. पोहणं "कळतं" असं कुणी म्हणत नाही, पोहता "येतं" म्हणतात. पण यूट्यूबवर गिटारचा किंवा कोडिंगचा व्हिडिओ संपला की आपण "हां, आलं लक्षात" म्हणून मोकळे होतो आणि तिथेच गडबड होते, कारण आतून दोन्ही अगदी सारखंच वाटतं.

कळलं म्हणजे समोरचा जे करतोय त्यात आपण कुठे अडखळलो नाही, बस. येतं म्हणजे स्क्रीन बंद, समोर कोरी फाइल, आणि पहिली ओळ तुम्हालाच सुचायला हवी. बघताना पुढची पायरी आयती समोर येते, डोकं फक्त "बरोबर" म्हणत मान डोलावतं. वर व्हिडिओ एडिट केलेला, म्हणजे शिकवणाऱ्याचे फसलेले पाच प्रयत्न आणि मधली डोकं खाजवायची दहा मिनिटं कापलेली, आणि खरं सांगायचं तर शिकणं त्या कापलेल्या भागातच असतं.

शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये यावरच प्रयोग छापले. डार्ट कसा फेकायचा याचा व्हिडिओ काहींना एकदाच दाखवला, काहींना २० वेळा. २० वेळा बघितलेल्यांना वाटलं आपण आता चांगला नेम मारू, प्रत्यक्षात फेकायला लावलं तर स्कोअर एकदाच बघितलेल्यांपेक्षा काही चांगला नाही. म्हणजे वाढला तो फक्त आत्मविश्वास!

आता कुणी म्हणेल हे हाताच्या कामाचं झालं, अभ्यासाचं काय? तिथेही तेच. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला आणि काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आपण "कळलं" म्हणतो ते पहिल्या पाच मिनिटांतच, म्हणून फसतो. (रील सेव्ह करून ठेवणं तर याच्याही अलीकडचं, तिथे कळायचंही बाकीच असतं.)

प्लॅटफॉर्मला यातला फरक दिसत नाही. यूट्यूबने २०१२ पासून शिफारशी करताना नुसत्या व्ह्यूजऐवजी लोक किती वेळ बघतात याला वजन द्यायला सुरुवात केली. बंद करून तासभर स्वतः झगडलात तर तो तास त्यांच्या हिशोबात येतच नाही, उलट पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

नुसतं कळणं वाईट असं मी म्हणत नाहीये. विमान कसं उडतं हे कळलं की पुरे, उडवायचं कुणाला आहे. पण ज्याची परीक्षा आहे किंवा ज्यावर पोट आहे तिथे पहिल्याच व्हिडिओत मध्ये पॉज करून पुढची स्टेप स्वतः करून बघावी, आणि सहसा तिथेच हात थांबतो.

कार्डस आणि ओब्रायन यांच्या त्या डार्टवाल्या संशोधनात जगलिंगचाही, म्हणजे वस्तू हवेत फेकून झेलत राहण्याचा, प्रयोग होता. व्हिडिओ बघून लोकांचा आत्मविश्वास वाढला, मग काहींच्या हातात फेकायचे खरे पिन (बाटलीच्या आकाराचे) नुसते धरायला दिले, फेकायचे पण नाहीत, आणि तेवढ्यानेच त्यांची हवा उतरली.